गावाचं मोठं स्वप्न: पाहायचं कसं, मोजायचं कसं

२६ जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटून झाली, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या गेल्या. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं की मागण्या सुरू होतात. वॉर्ड एकात नाली, वॉर्ड दोनमध्ये पेव्हर. मंदिरापुढे सभामंडप, वेशीवर कमान, बसथांब्यावर हायमास्ट. तासाभरात तीस-पस्तीस कामं लिहून होतात आणि पैसा असतो पाच-सहा कामांपुरता. मग कोणी नाराज नको म्हणून प्रत्येक वॉर्डाला थोडं थोडं वाटून दिलं जातं. पाच वर्षांत नाल्या होतात, पेव्हर होतो, कमानही उभी राहते. आणि एप्रिल लागला की बाया पहिल्यासारख्याच गुंड (पाण्याची भांडी) घेऊन हापशीवर रांगेत.

सरपंचाला, बचतगटाच्या अध्यक्षबाईला किंवा शेतकरी कंपनीच्या संचालकाला मोठं स्वप्न कशासाठी लागतं, याचं उत्तर या रजिस्टरात आहे. भाषण त्याशिवायही ठोकता येतं. स्वप्न लागतं ते चाळणी म्हणून. ‘तीन वर्षांनी मे महिन्यात या गावात टँकर येणार नाही’ असं गावाने एकदा ठरवलं, की पस्तीस कामांतलं कोणतं पुढे आणि कोणतं मागे, यावर रोज डोकेफोड करावी लागत नाही. कमानीने टँकर थांबत नाही, ती मागे. गावतलावातला गाळ काढला तर थांबू शकतो, ते पुढे. ‘नाही’ म्हणणं हे पुढाऱ्याचं सगळ्यात अवघड काम. ‘मी देत नाही’ म्हटलं की वैर येतं, ‘आपणच तसं ठरवलं होतं’ म्हटलं की निदान बोलणं सुरू राहतं.

हे बरंच तपासलेलंही आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं, की ‘जमेल तेवढं करा’ असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलेली माणसं जास्त काम करतात. मात्र त्याला अटी आहेत आणि गावात फसगत होते ती अटी विसरल्याने. उद्दिष्ट करणाऱ्याने मनापासून मानलेलं हवं, कुठवर आलो हे त्याला दिसत राहायला हवं आणि काम त्याच्या हातात बसणारं हवं. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. नुसतं गोड चित्र रंगवत बसलं तर माणूस उलट कमी हातपाय हलवतो, कारण चित्रातच त्याचं निम्मं समाधान होऊन जातं. त्या चित्राशेजारी वाटेतला धोंडा लगेच ठेवला, तर जोर टिकतो. म्हणजे स्वप्न सांगायचं तर अडचणही त्याच दमात सांगायची. आपले पुढारी पहिलं सांगतात आणि दुसरं गिळतात.

मोठं म्हणजे केवढं?

‘गाव आदर्श करू’ हे स्वप्न नव्हे, ते लेटरहेडवर छापायचं वाक्य आहे. ते झालं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ते कधी चुकतही नाही. कामाचं स्वप्न असं हवं, की शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ते पुरं झालं की नाही हे कळावं. टँकर आला का? पोर दहावीनंतर शिकतंय का? चना उभा राहिला का? आणि ते एकट्या माणसाच्या ताकदीबाहेरचं हवं, नाहीतर बाकीच्यांनी उठून यायचं कशाला?

मोठं म्हणजे पसरट नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी, गरीब, जंगलातला जिल्हा. करण्यासारखी शंभर कामं होती. नवजात बाळांच्या बाबतीत त्यांनी ठरवलं ते एकच: बाळाला दवाखान्यात नेता येत नसेल तर त्याचा जीव त्याच्या घरीच वाचवायचा. आजारी नवजात बाळाचा उपचार म्हणजे मोठा दवाखाना, असं धरून चालण्याचा तो काळ. म्हणजे स्वप्न भलतंच मोठं, पण जागा किती? ३९ गावं. माणसं कोण? त्याच गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बाया. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर औषध देणं हे त्यांना शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला, तो नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा. पुढे घरी जाऊन बाळ तपासण्याचं हे काम देशभरच्या आशाताईंच्या कामात आलं.

स्वप्न जमिनीवर कसं उतरतं, हे पाहायला त्यांचं एक साधन बघा. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी एका पाटीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ बसवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. सुईणीला साठपर्यंत मोजायला शिकवण्यात वर्षं गेली असती. त्यांनी मोजणंच दहावर आणून ठेवलं. पुढाऱ्याचं निम्मं काम हेच: स्वप्न जागच्या जागी ठेवायचं आणि पायरी माणसाच्या पायाएवढी करायची.

आकडा काढून बघू

विदर्भातल्या बहुतेक गावांचं पहिलं दुखणं पाणी, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. समजा यवतमाळ-वाशीमकडचं एक गाव आहे. शिवार ८०० हेक्टर, वस्ती १,५००, जनावरं ६००, पाऊस वर्षाला सरासरी ८५० मिलिमीटर. एकच सूत्र पाठ करायचं: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. साधारण एक टँकर.

आता ८०० गुणिले ८५०. या गावाच्या शिवारात दरवर्षी ६ लाख ८० हजार टँकर पाणी आभाळातून पडतं.

लागतं किती? माणशी रोज ५५ लिटर धरलं तर १,५०० माणसांना वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. जनावराला सरासरी ४० लिटर धरलं तर ६०० जनावरांना सुमारे ८८ लाख लिटर. दोन्ही मिळून ३,९०० टँकरांच्या आसपास. पडतात ६ लाख ८० हजार, लागतात ३,९००. शंभर रुपयांतले साठ पैसेही नाहीत. पाऊस ६०० मिलिमीटरवर आला तरी ४ लाख ८० हजार टँकर पडतातच. हे दोन आकडे ग्रामसभेत फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि खाली बसा. ‘आपल्या गावात पाणीच नाही’ हे वाक्य त्या दिवशी मोडतं. पाणी आहे, ते मे महिन्यापर्यंत थांबत नाही.

सगळं पडलेलं पाणी आपलं नसतं, हेही तिथेच सांगायचं. बराचसा भाग उभी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन पितं, काही उडून जातं, काही नाल्याने वाहून जातं आणि थोडं जमिनीत मुरतं. हे वाटे जमीन, उतार आणि पिकं पाहून बदलतात. शेजारच्या गावाची टक्केवारी उचलून आपल्या फळ्यावर मांडू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या पाणलोटाची माहिती मागून घ्या.

टँकर बंद होणं हे छोटं स्वप्न झालं. आता जरा मोठं: १०० हेक्टर चन्याला दोन संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवायला द्यायच्या दोन पाळ्या. एका पाण्याला पाच सेंटिमीटर धरलं तर दोन्ही मिळून दहा. १०० हेक्टरला १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या काठाचं शेततळं एकदा भरलं की २,१९६ घनमीटर साठवतं. म्हणजे ४६ शेततळी लागतील. ऊन आणि पाझर धरला तर साठ म्हणा. तुषार संचाने पाणी दिलं तर एका पाळीला कमी लागतं आणि हा आकडा खाली येतो, पण हिशेब जड बाजूने केलेला बरा.

साठ शेततळी एका गावात कोणी खोदणार नाही आणि खोदू म्हणूही नये. एक तळं बांधासकट दहा-बारा गुंठे वावर खातं. साठ तळ्यांत सोळा-सतरा एकर जाईल. मुरमाड जमिनीत प्लास्टिकचं अस्तर लागतं, तो खर्च वेगळा. म्हणून १ लाख घनमीटरचे तुकडे पाडायचे: काही शेततळी, काही नाल्यावरचे बांध, काही विहिरींचं पुनर्भरण आणि गावतलावाचा गाळ. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले ‘मामा तलाव’, आहेतच. तिथे नवं बांधण्याआधी मामा तलाव मोकळा करणं स्वस्त पडतं. खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, विहिरीचा भरवसा नाही. खालचं पाणीच खारट. तिथे पावसाचं गोडं पाणी वरच्या वर धरावं लागतं.

यातला एकच तुकडा जवळून पाहू. गावतलावातून १०,००० घनमीटर गाळ काढायचा ठरवला. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर बसतं. ३,५३३ ट्रॉल्या झाल्या. दहा ट्रॅक्टर, प्रत्येकी दिवसाला पंधरा खेपा, म्हणजे रोज १५० ट्रॉल्या आणि २४ दिवस. तलाव आटतो एप्रिलच्या शेवटी, मृग लागतो ७ जूनला. मशीन बंद पडण्याचे, लग्नाचे आणि डिझेल संपण्याचे दिवस वजा केले तर मे महिन्यातच सगळं बसवावं लागतं. म्हणून बोलणी गुढीपाडव्याच्या आत. हे केलं तर एका उन्हाळ्यात स्वप्नाचा दहावा हिस्सा हातात आला. दहावा हिस्सा डोळ्यासमोर भरलेला दिसला, की उरलेल्या नऊ हिश्श्यांवर बोलायला माणसं आपणहून येतात.

गाळ काढताना चुका ठरलेल्या आहेत. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी खोदलं तर पाळ खचते. तिथला पट्टा सोडून द्यायचा आणि किती सोडायचा हे जलसंधारणाच्या इंजिनिअरकडून खुणा मारून घ्यायचं. चिकण मातीचा थर फोडून मुरमापर्यंत गेलं तर तलाव गळका होतो. पोकलेनवाल्याला तासावर पैसे मिळतात, तो थांबणार नाही, थांबवणारा माणूस काठावर उभा हवा. एका जागी विहिरीसारखा खड्डा पडला की त्यात जनावर आणि पोर दोघंही बुडतात. सारखं, थरांनी काढायचं. आणि सगळ्यात मोठं भांडण: गाळ कोणाच्या वावरात? एका एकरात दोन इंची थर द्यायला सत्तरेक ट्रॉल्या लागतात, म्हणजे सगळा गाळ मिळून पन्नासेक एकरांचा. मशीन यायच्या आधी नावं लिहायची, बरड आणि मुरमाड जमिनीवाल्यांना आधी धरायचं (भारी काळ्या जमिनीला तसंही त्याचा फारसा उपयोग नाही), अल्पभूधारक पुढे, आणि बरोबरीत आलेल्यांच्या चिठ्ठ्या शाळेतल्या पोराकडून उचलायच्या. मशीन आल्यावर यादी करायला बसलात तर पहिल्या तीनशे ट्रॉल्या कोणाच्या वावरात जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

स्वप्न कोणाचं?

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. त्यांचं म्हणणं महाराष्ट्रभर पोचलं: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. एवढ्याशा गावाने एवढं मोठं बोलावं? पण ते पाटीवरचं वाक्य नव्हतं, त्याला रोजची शिस्त होती. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. त्यासोबत अभ्यासगट: कायदा, जंगल, हिशेब यांवर बसून बोलायचं, बाहेरचा जाणकार आला तर त्यालाही त्यात बसवायचं. देवाजी तोफा यांचं नाव गावाबरोबर घेतलं जातं, पण निर्णय त्यांच्या घरी होत नसे.

वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं ते. तरी बांबू विकता येईना, कारण तो वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्या हातात. बांबू हे लाकूड की गौण वनउपज, हा वाद. वनहक्क कायद्यात तो गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे आणि गावाने तो कायदा वाचलेला होता. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कायदा सगळ्या गावांसाठी एकाच दिवशी झाला होता. मेंढ्याला तो आधी वापरता आला, कारण बसायची, वाचायची, लिहून ठेवायची सवय कायद्याच्या आधीची होती. संधी पुढाऱ्याच्या हातात नसते, पण तयारी असते.

सर्वसहमती प्रत्येक गावाला जमेल असं नाही. दोन गट, चार पक्ष आणि बारा भावक्या असलेल्या मोठ्या गावात ती वर्षानुवर्षं विषय अडवून ठेवू शकते. पण एवढं तरी घ्यावं: स्वप्नाचं वाक्य सरपंचाने घरून लिहून आणायचं नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत सह्यांपुरती होते. ती खरी घ्या. पाण्याचं गणित बायांना आधी कळतं, कारण गुंड त्यांच्या डोक्यावर असतो. आणि सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान स्वप्न सांगत असतील, तर ते स्वप्न पाच वर्षं टिकेल अशी आशा कोणी ठेवू नये.

खरी कसोटी पारावर लागते. पाण्याची कामं माथ्यापासून पायथ्याकडे करावी लागतात. म्हणजे खोदकाम वरच्या वावरात होतं आणि पाणी खालच्याच्या विहिरीत दिसतं. वरचा कास्तकार विचारणारच, “काहून रे भाऊ, खड्डे माह्या धुऱ्यावर अन् पाणी त्याच्या विहिरीले? मले काय भेटते?” प्रश्न रास्त आहे. ‘गावाच्या भल्यासाठी’ हे त्याचं उत्तर नव्हे. वरच्याला त्याच्या वावरातली बांधबंदिस्ती आधी, गाळाच्या यादीत वरचा नंबर, त्याचा पांदण रस्ता पहिल्या वर्षीच्या आराखड्यात, आणि तो म्हणेल त्या जागेवरून धुऱ्याची (बांधाची) आखणी. हे सभेत नाही, त्याच्या घरी जाऊन चहा घेताना ठरतं. मोठं स्वप्न पाहणाऱ्या पुढाऱ्याचा बहुतेक वेळ अशा पंधरा-वीस ओसऱ्यांवर जातो.

पाच वर्षांत तीन उन्हाळे

मुदत पाच वर्षांची, पण मातीचं काम उन्हाळ्यातच होतं. पाचांतला पहिला उन्हाळा रजिस्टर, खाती आणि माणसं समजून घेण्यात जातो. शेवटचा निवडणुकीच्या वाऱ्यात. उरले तीन. शिवाय सरपंचपदाचं आरक्षण फिरतं असतं. पुढच्या वेळी तुम्ही उभे राहू शकालच असं नाही. तेव्हा जे स्वप्न तीन उन्हाळ्यांत संपत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी असायला हवं: एखादा तरुण सदस्य, बचतगटातली बोलकी ताई, शाळेचे गुरुजी, आशाताई. पंचायत समितीत जाताना दरवेळी यांपैकी एकाला बरोबर न्या. साहेबांच्या ओळखी एकाच माणसाच्या मोबाईलमध्ये राहिल्या की त्या माणसाबरोबर गावाचं कामही थांबतं.

पैशाचं कॅलेंडर त्याहून कडक. ग्रामपंचायत विकास आराखडा हिवाळ्यात तयार होतो, साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे, आणि त्यावरचा खर्च पुढच्या एप्रिलपासून. आराखड्यात नसलेल्या कामाला मार्चमध्ये कितीही धावपळ केली तरी पैसा मिळत नाही. वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरलेल्या कामांनाच) आणि अबंधित (मोकळा) असे वाटे असतात. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. पाण्याचं स्वप्न आधीपासून लिहून ठेवलेल्या गावाला ही अट सोयीची पडली. बाकीच्यांनी बंधित रकमेतून घाईघाईत कचराकुंड्या घेतल्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी ते. ती गाठायची तर सभा कापूस वेचणीच्या ऐन दिवसात, दुपारी ठेवू नका.

मोजायचं काय?

सगळ्यात जास्त मोठी स्वप्नं इथे मरतात. काम मोजलं जातं, फळ मोजलं जात नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं, २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र हे ध्येय धरून. स्वप्न खरोखर मोठं होतं, कामंही हजारो गावांत झाली. तरी भूजल पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्यात स्वयंपूर्ण करण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात म्हटलं. नाला किती किलोमीटर खोल केला हे लिहून ठेवणं सोपं असतं. विहिरीत मार्चला किती पाणी आहे हे कोणी तरी दर महिन्याला जाऊन बघावं लागतं.

गावात ते करता येतं, खर्चही नाही. बारा विहिरी निवडा: चार माथ्याच्या, चार मधल्या, चार पायथ्याच्या. एका दोरीला दर फुटावर गाठ, दहाव्या गाठीला लाल चिंधी, टोकाला दगड. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील. पहाटे मोटर सुरू व्हायच्या आत मोजायचं. उपसा सुरू असताना मोजलेली पातळी म्हणजे त्या मोटरची पातळी, विहिरीची नव्हे. सोबत शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला सहावी-सातवीच्या पोरांकडून नोंद करून घ्या. नुसती विहिरीची पातळी फसवते: पाऊस भरपूर झाला तर काहीही न करता विहिरी भरतात आणि श्रेय सरपंच घेतो, पाऊस गेला तर चांगलं काम झालेलं असूनही शिव्या पडतात. ८५० मिलिमीटरच्या वर्षीची तुलना ८५० च्याच आसपासच्या वर्षाशी करायची.

बोर्ड लागतो तो ग्रामपंचायतीच्या आत नको. किराणा दुकानाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लावा, जिथे माणसं दळण होईपर्यंत उभी असतात. वर एक ओळ: १ लाख घनमीटर. खाली तीन रकाने: ठरलं किती, झालं किती, बारा विहिरींची मार्चची सरासरी. तिसरा रकाना खाली गेला तर तोही तसाच लिहायचा, आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस. पहिल्या वर्षी आकडा खाली गेल्यावर बोर्ड पुसायला सांगणारे येतील, बहुधा तुमच्याच गटातले. खडूचा डबा तेव्हा गिरणीवाल्याकडे ठेवा, तुमच्याकडे नको.